जुनी आरएक्स उभी करताना: एकेक पार्ट जमवावा की डोनर गाडी घ्यावी?

बाबांची यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल आमच्या गोव्यातल्या साखळीच्या घरी पडवीत अकरा वर्षं उभी होती. फोंड्याच्या आतेभावाची आरएक्स साधारण तेवढीच वर्षं त्याच्या जुन्या गोठ्यात पडून होती. एक १९९१ ची, दुसरी १९९३ ची. दोन्ही जीए-०१ नंबरच्या, दोन्ही बंद. २०२१ च्या चवथीला सगळे घरी जमलो होतो, तेव्हा दोघांनीही मनावर घेतलं. त्याने बाजारातून एकेक पार्ट जमवायचं ठरवलं. मी बेळगावजवळच्या एका खेड्यातून अपघातात वाकलेली दुसरी आरएक्स १०० टेम्पोत घालून आणली आणि तिचे पार्ट काढून बाबांच्या गाडीला लावले. आज दोन्ही गाड्या पळतात. दोघांचा फिटर एकच, खर्चाच्या वह्या तेवढ्या दोन. त्यामुळे कुणी जुनी गाडी काढायचा विषय काढला की मी दोन्ही वह्या त्याच्यापुढे ठेवतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पैसे वाचतील या आशेने डोनर गाडी, म्हणजे पार्ट काढून घ्यायला आणलेली दुसरी गाडी, घेऊ नये. जे बाजारात मिळतच नाही त्याच्यासाठी ती घ्यावी, आणि आपल्या गाडीत नेमकं काय गेलंय हे कळल्याशिवाय तर मुळीच घेऊ नये. मी स्वतः यातली दुसरी गोष्ट पाळली नाही. बाबांचं इंजिन उघडायच्या आधीच डोनर घरी आणली. पुढे तिचा उपयोग झाला खरा, पण त्यात नशिबाचा भाग मोठा होता.

दोन वह्या

माझ्या वहीत पहिल्या पानावर डोनर गाडीचे २८,००० आणि टेम्पोचे ४,५०० आहेत. लेथकाम, क्रोम, रंग आणि नवे घ्यावेच लागले ते पार्ट मिळून ६१,००० गेले. उरलेल्या सामानातून ११,००० परत आले. म्हणजे एकूण ८२,५००. आतेभावाचे ९६,००० झाले. फरक १३,५०० चा. त्यात माझ्या पडवीत वर्षभर दोन गाड्यांचा पसारा होता, आईच्या तुळशीकडे जायची वाट अडली होती आणि बेळगावच्या तीन खेपा झाल्या. हे सगळं धरलं तर पैशाचा मुद्दा जवळपास बरोबरीतच सुटतो.

वेळेचं मात्र तसं नाही. माझी गाडी १४ महिन्यांत सुरू झाली, त्याची २० महिन्यांत. त्याचे जादा सहा महिने काम करण्यात गेले नाहीत, वाट पाहण्यात गेले. एक ब्रॅकेट नाही म्हणून मागचं चाक बसत नाही, चाक बसत नाही म्हणून चेनची लाइन बघता येत नाही, आणि तोवर फिटरकडे दुसऱ्याची गाडी स्टँडवर चढलेली. ज्यांना रोजची नोकरी सांभाळून रविवारीच हात घालता येतो, त्यांनी हा हिशेब आधी करावा.

बाजारात काय मिळतं आणि कसं मिळतं

आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ ते १९९६ या काळात बनली. एस्कॉर्ट्स आणि यामाहा यांची ही गाडी. ५० मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), ५० मिमी स्ट्रोक (पिस्टनची चाल), ९८ सीसी, चार गिअर. बंद होऊन तीस वर्षं होत आली तरी तिच्यावर जीव टाकणारे इतके आहेत की बाजारात डुप्लिकेट मालाचा तोटा नाही. पिस्टन, रिंगा, क्लच प्लेटा, केबल, ब्रेक शू, चेन-स्प्रॉकेट, टाकी, साइड पॅनल, मीटर, सायलेन्सर, सगळं मिळतं. म्हणजे पार्ट मिळतो. तो बसेल की नाही, हा पुढचा प्रश्न.

आतेभावाने टाकी घेतली. दिसायला सुरेख, पण मागच्या कानाचं भोक चेसिसच्या भोकापासून अर्धं बोट लांब. साइड पॅनलच्या खुंट्या रबरात शिरेनात. या गोष्टी कानस घेऊन, गरम करून, वाकवून जुळवता येतात. इंजिनाच्या आतल्या पार्टाला मात्र असं जुळवून घेता येत नाही. एका दुकानातून त्याने पिस्टन-रिंगचा सेट आणला. खोका ओरिजिनलसारखा, वर छापील स्टिकर, किंमतही त्याला शोभेल अशी. आमच्या फिटरमामांनी तो लगेच बसवला नाही. एक रिंग नुसती सिलिंडरमध्ये सोडली, पिस्टनच्या डोक्याने ती सरळ आत ढकलली आणि रिंगेच्या दोन टोकांमधल्या फटीत फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पाती, घातला. अर्धा मिलिमीटर जाडीचं पातं आत सैल फिरलं. ५० मिमीच्या बोअरला त्याच्या निम्मी फट पुरते. मामांनी सेट खोक्यात परत भरला आणि म्हणाले, "परत दे जा. घेतला नाही तर पैसे गेले म्हण, पण हा आत घालू नको." दुकानदाराने घेतला नाही. पैसे गेले.

म्हणून ज्यांना बाजाराचा मार्ग धरायचाय त्यांनी फीलर गेज आणि व्हर्नियर कॅलिपर या दोन वस्तू पहिल्या दिवशी घ्याव्यात. आणि बेअरिंग कधीही गाडीच्या पार्टच्या दुकानात मागू नये. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. तो कागदावर लिहून म्हापशाच्या किंवा मडगावच्या बेअरिंग विकणाऱ्या दुकानात जावं. तिथे गाडीचं नावसुद्धा सांगावं लागत नाही, चांगल्या कंपनीचं बेअरिंग हातात येतं.

डोनर गाडी खरं काय देते

आता जिथे डोनर गाडीला तोड नाही ती गोष्ट. लोकांना वाटतं डोनर घ्यायची ती इंजिन, टाकी, चाकं यांच्यासाठी. माझ्या अनुभवात तिचं मोल भरून आलं ते श्रीखंडाच्या दोन रिकाम्या डब्यांत मावलेल्या सामानामुळे. मागच्या एक्सलवरचा स्पेसर. ब्रेकची पट्टी हबला धरून ठेवणारा खांद्याचा बोल्ट. चेन ॲडजस्टरची टोपी. टाकीखालचे रबरी गोळे ज्यावर बसतात त्या दोन खुंट्या. क्लच केबल जिथून वळते तिथली तारेची कडी. किकच्या दांड्याची स्प्रिंग. यातलं एकही दुकानात नाव सांगून मागता येत नाही, कारण यांना नावंच नाहीत. "ते हे, ब्रेकच्या तिथलं" असं म्हणून चालत नाही.

बाबांची गाडी तीस वर्षांत रस्त्याकडेच्या किती गॅरेजांत उघडली गेली असेल, देव जाणे. प्रत्येकाने जवळ होता तो बोल्ट ठोकला. मागच्या एक्सलवर स्पेसरऐवजी तीन वॉशर एकावर एक होते, त्यातला एक हाताने कापलेला. चाक डावीकडे सरकलेलं, म्हणून चेन स्प्रॉकेटच्या एका बाजूला घासत होती, म्हणून स्प्रॉकेटचे दात एका अंगाने पातळ झाले होते. आम्ही वर्षानुवर्षं चेन-स्प्रॉकेट बदलत राहिलो. कारण मात्र त्या तीन वॉशरांत होतं. डोनरच्या एक्सलवरून तो साधा नळीसारखा तुकडा निघाला, मामांनी व्हर्नियर लावला, लांबी माझ्या वहीत लिहिली, आणि त्या क्षणी मला कळलं की मी २८,००० कशासाठी दिले. आतेभावाला हाच तुकडा लेथवर करून घ्यावा लागला. लेथवाल्याने विचारलं, लांबी किती? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या डोनरचा तुकडा घेऊन तो डिचोलीच्या लेथवर गेला. म्हणजे बाजारातून बांधलेल्या गाडीलाही शेवटी डोनरच उपयोगी पडली.

दोन गाड्या शेजारी उभ्या असल्या की आणखी एक होतं. वायर कुठून जाते, केबल हँडलच्या पुढून की मागून, वॉशर बोल्टच्या कुठल्या बाजूला, हे एका गाडीत बिघडलेलं असलं तर दुसरीत दिसतं. म्हणून डोनर आणल्या आणल्या सुटी करू नका. आधी आपली गाडी उघडा, डोनर उभी राहू दे. तिच्याकडे बघत बघत आपली जोडा, आणि लागेल तेव्हाच तिचा पार्ट काढा. मी पहिल्याच रविवारी उत्साहाने ती निम्मी खोलली. मग केबलच्या वाटा आठवत बसलो.

इंजिनातलं काय घ्यावं

बाबांची गाडी चोर्ला घाटात दुसऱ्या गिअरवर चढताना खाडकन न्यूट्रल व्हायची. बाबा डावा पाय लिव्हरखाली धरून ठेवायचे, मागे बसलेल्या मला ते नेहमीचंच वाटायचं. इंजिन उघडलं तेव्हा कारण हातात आलं. गिअर एकमेकांत अडकतात ते त्यांच्या अंगावरच्या चौकोनी खुंट्यांनी. आमच्या दुसऱ्या गिअरच्या खुंट्यांच्या कडा वापरलेल्या साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या होत्या. लोड आला की त्या एकमेकींवरून घसरणार. गिअर सरकवणारा फोर्क टोकाला निळसर पडलेला, म्हणजे घासून तापलेला. डोनरच्या खुंट्यांना अजून धार होती.

इथे एक चूक सर्रास होते. लोक फक्त खराब झालेला गिअर बदलतात. गिअरचे दात आपल्या जोडीदाराबरोबर वर्षानुवर्षं घासून एकमेकांसारखे झालेले असतात. एक नवा, एक जुना घातला की आवाज येतो आणि दोन्ही लवकर जातात. डोनर असली तर दोन्ही शाफ्ट, सगळे गिअर, फोर्क आणि फोर्क फिरवणारा ड्रम हा अख्खा सेट उचलून बसवता येतो. डुप्लिकेट मालात असा एकत्र झिजलेला, एकमेकांना ओळखणारा सेट मिळायची सोय नाही. गिअरबॉक्ससाठी मी डोळे मिटून डोनरच्या बाजूने मत देईन.

क्रँककेसच्या, म्हणजे क्रँक आणि गिअर ज्यात बसतात त्या इंजिनाच्या खालच्या आवरणाच्या, बाबतीत मात्र सावध राहा. दोन अर्धी आवरणं कारखान्यात एकत्र बांधून बेअरिंगच्या जागा कोरलेल्या असतात. एका गाडीचं डावं आणि दुसरीचं उजवं असं कधी जोडू नये. दिसायला बसतं, पण क्रँक अडखळत फिरतो. घ्यायचं तर जोडीनेच, आणि तेही शक्यतो घेऊच नये, कारण इंजिन नंबर त्याच्यावरच असतो. त्या भानगडीकडे पुढे येतो.

सिलिंडर घेताना बोअर मोजा. झिजलेला सिलिंडर कोरून पाव-पाव मिलिमीटरने मोठा करत नेतात आणि त्या मापाचा पिस्टन घालतात. डोनरचा सिलिंडर अजून ५० मिमीच्या मूळ मापावर असेल तर पुढे दोन-तीन वेळा कोरायला वाव आहे. माझ्या डोनरचा आधीच एक मिमी मोठा झालेला निघाला, म्हणजे त्याचा जन्म संपला होता. बाबांचाच कोरून घेतला. क्रँक घेणार असाल तर लेथवाल्याकडे दोन टेकूंवर ठेवून डायल गेज लावून फिरवून बघा. मिलिमीटरच्या शंभराव्या भागातले तीन-चार भाग, त्यापेक्षा जास्त हेलकावा नको.

आणि डोनर म्हणून आरएक्स १३५ बघत असाल तर ध्यानात ठेवा, तिचा स्ट्रोक ५० मिमीच असला तरी बोअर ५८ आहे. ती १३२ सीसीची गाडी. तिचा सिलिंडर, पिस्टन, हेड शंभरच्या इंजिनाला उचलून लावायचे नसतात. नंतरच्या १३५ ला पाच गिअर आले. चेसिसकडचं सामान बरंचसं जुळतं, तरी प्रत्येक वस्तू मोजूनच घ्यावी.

घाटावरची गाडी की किनाऱ्यावरची

गोव्यात डोनर शोधताना सगळ्यात मोठा फरक पडतो तो गाडी कुठे उभी होती याने. पेडण्याच्या किनाऱ्याकडची एक गाडी मी आधी पाहिली होती. वरून बरी होती. चेसिसच्या खालच्या नळीवर मी स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि जरा दाबला, तर टोक आत गेलं. खारा वारा, चार महिने पाऊस, आणि खाली साठलेली ओली माती. लोखंड आतून खाल्लं जातं आणि वरचा रंग तसाच राहतो. मागचं चाक धरणाऱ्या स्विंग आर्मचा लांब बोल्ट, मधल्या स्टँडचे कान, टाकीचा तळ, पुढच्या फोर्कच्या नळ्या या जागा आधी बघा. फोर्कच्या नळीवर ऑइल सील जिथे वर-खाली फिरतं तिथे बारीक खड्डे पडले असतील तर ती नळी कामाची नाही. कितीही सील बदला, ते खड्डे त्याला फाडणार.

बेळगाव, निपाणी, कोल्हापूरकडची गाडी कोरडी असते. माझ्या डोनरचा पुढचा भाग अपघातात वाकला होता, चेसिसचं डोकं कामातून गेलं होतं, पण मागचा निम्मा भाग असा होता की बोल्ट पान्याने सहज सुटत गेले. बाबांच्या गाडीचा स्विंग आर्मचा बोल्ट काढायला मामांना चार दिवस लागले. रोज डिझेल सोडायचं, दुसऱ्या दिवशी गॅसने गरम करायचं, हातोडीने हलकेच ठोकायचं, पुन्हा डिझेल. क्रँककेसच्या कव्हरचे चौफुलीचे स्क्रू साध्या स्क्रूड्रायव्हरने काढायला जाऊ नका. डोकी खराब होतात. ठोका मारला की फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर मिळतो, तो घ्या. एकदाच लागतो, पण त्या एका वेळी त्याला पर्याय नाही.

थोडक्यात, पार्ट घाटावरचे आणि कागद गोव्याचे, ही जोडी सगळ्यात चांगली.

डोनरचं काय कधीच लावू नये

रबर, सील, बेअरिंग, ब्रेक शू, केबल, चेन, वायरिंग. कितीही चांगलं दिसलं तरी नाही. यात कंजूषपणा करू नये, आणि हे मी अगदी कळकळीने सांगतो.

आरएक्ससारख्या टू-स्ट्रोक गाडीत क्रँककेस हाच पंप असतो. हवा-पेट्रोलचं मिश्रण आधी तिथे येतं, दाबलं जातं, मग सिलिंडरमध्ये चढतं. क्रँकच्या एका बाजूचं सील कडक होऊन गळायला लागलं की तिथून नुसती हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि भर रस्त्यात अडकून बसतो. दुसऱ्या बाजूचं गळालं तर गिअरचं ऑइल आत ओढलं जातं आणि मागे पांढऱ्या धुराचा लोट. वीस वर्षं उभ्या असलेल्या डोनरचं सील म्हणजे वाळलेलं चामडं. नवीन सील एका जेवणाच्या पैशात येतं.

आता पेट्रोलही बदललंय. पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढतं, आणि आपल्याकडे हवेत ओलावा काय कमी आहे? जास्त झालेलं पाणी टाकीच्या तळाला बसतं, तिथूनच गंज धरतो. जुने पाइप आणि कार्बोरेटरमधली जुनी रबरं या पेट्रोलला टिकत नाहीत. म्हणून पाइप नव्या पेट्रोलला चालणारे घ्या, आणि गाडी पावसाळ्यात महिना-दोन महिने उभी ठेवणार असाल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा.

कागद

सगळ्यात जास्त माणसं इथेच फसतात, म्हणून जरा थांबून वाचा.

बिनकागदाची डोनर गाडी स्वस्त मिळते. घेऊ नका. ती चोरीची नाही हे तुम्ही कशावरून सांगणार? आरसी बघा, चेसिसच्या मानेवरचा नंबर आरसीशी ताडून बघा, वाहन पोर्टलवर नंबर टाकून तिथली नोंद आरसीशी जुळते का ते बघा, आणि मालकाच्या सहीचं साधं विक्रीपत्र घ्या. त्यात "सुट्या भागांसाठी विकली" असं लिहून घ्या. गाडी मोडीत काढली की मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणी रद्द करण्यासाठी कळवायचं असतं आणि आरसी जमा करायची असते. हे काम नोंदणीकृत मालकाच्या नावाने होतं, म्हणून त्याला व्यवहाराच्या वेळीच सोबत घ्या. नंतर तो फोन उचलत नाही.

आपल्या गाडीचा इंजिन नंबर आणि चेसिस नंबर आरसीवर आहेत. डोनरची क्रँककेस लावली की इंजिन नंबर बदलला, आणि तो बदल कलम ५२ खाली आरटीओत मंजूर करून आरसीवर चढवावा लागतो. होत नाही असं नाही, पण डोनर दुसऱ्या राज्याची असली की वेळ जातो. म्हणून मी बाबांची क्रँककेस राखली. तिचा एक कान तुटला होता, तो ॲल्युमिनियम वेल्डिंगने भरून घेतला. नंबर घासून नवा ठोकून देणारे लोक भेटतील. त्यांच्या दारातही उभे राहू नका. तो गुन्हा आहे आणि गाडी कायमची जाते.

आतेभावाला यातलं काहीच करावं लागलं नाही. त्याची गाडी कागदोपत्री होती तशीच राहिली. बाजाराच्या मार्गाचा हा सगळ्यात मोठा फायदा, आणि कागदाचं काम ज्यांच्या जिवावर येतं त्यांच्यासाठी तेवढाच पुरेसा आहे.

नोंदणीचं नूतनीकरण दोघांनाही करावं लागलं. १५ वर्षांवरच्या दुचाकीची फी १ एप्रिल २०२२ पासून ३०० वरून १,००० झाली, उशिराला दर महिन्याला ३०० जादा. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या दुचाकीला २,००० आहेत. २००० सालाआधीच्या टू-स्ट्रोकला पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएम एवढी सूट आहे. नीट बांधलेली आरएक्स त्यात आरामात बसते.

"व्हिंटेज नोंदणी करू का?" असंही विचारतात. २०२१ चा तो नियम ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांना आहे. नव्या नोंदणीला २०,००० फी, नंबरात 'व्हीए' अक्षरं, आणि रोज वापरायची मुभा नाही. आरएक्स १०० ला तो २०३५ पर्यंत लागूच होत नाही. जुन्या जावाला लागतो, पण त्यात चेसिस आणि इंजिन मूळचं असावं अशी अट आहे. तिथे डोनरची क्रँककेस लावली तर हातातली संधी जाईल.

बांद्याची गाडी

बेळगावच्या गाडीआधी आम्ही बांद्याला एक गाडी बघायला गेलो होतो. एमएच-०७, म्हणजे सिंधुदुर्गची, मालक एक वयस्कर काका, गाडी आंब्याच्या झाडाखाली ताडपत्रीत. किक हलत नव्हती. माझा सौदा ठरत आला होता. मामांनी प्लग काढला, भोकात थोडं डिझेल ओतलं, गाडी टॉप गिअरला टाकली आणि मागचं चाक हाताने मागे-पुढे हलवत बसले. मी आणि काका चहा घेत होतो. वीसेक मिनिटांनी चाक बोटभर सरकलं. मग आणखी बोटभर. मग पिस्टन सुटला. दाब बघायला त्यांनी प्लगच्या भोकावर अंगठा धरून किक मारली, अंगठा फट्‌कन उडाला. बॅटरी काढून ठेवलेली, टाकी कोरडी, स्क्रूंची डोकी शाबूत. या गाडीला आजवर कुणी नीट हातच लावला नव्हता.

मामा उठले, हात पुसले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाब, ही सुटी करायची गाडी न्हय." मग काकांना त्यांनी सगळं समजावून सांगितलं: सील, रिंगा, कार्बोरेटर साफ, टायर, आणि गाडी उभी राहते. काकांचा नातू दारात उभा राहून ऐकत होता. आम्ही रिकाम्या टेम्पोने परत आलो. टेम्पोचं भाडं गेलं त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

तेव्हापासून डोनर बघायला जाताना मी आधी हा प्रश्न विचारतो: हिची आरसी जिवंत आहे, चेसिस सरळ आहे, इंजिन मूळचं आहे, तर मग सुटी कुठली करायची? कधी कधी घरची गाडीच डोनर ठरते. बाबांच्या आठवणीमुळे मला ते जमलं नसतं, पण तुमची गाडी नुसती आवडीची असेल तर हा विचार मोकळ्या मनाने करा. चेसिस वाकलेली, जळलेली, पुरात बुडालेली किंवा इंजिनाशिवायची गाडी, तीच डोनर.

आरएक्स नसेल तर

बुलेटला डोनर लागत नाही. जुन्या कास्ट आयर्न ३५० चं, म्हणजे ७० बाय ९० च्या ३४६ सीसी इंजिनाचं सामान इतकी वर्षं इतकं बनलंय की गोव्यात बसून सगळं मिळतं. पैसे सरळ पार्टांत घाला. येझदीचं वेगळं. ती बनवणारी म्हैसूरची आयडियल जावा १९९६ ला बंद झाली. बरंच सामान नव्याने बनतं, पण गिअर आणि क्रँककेससाठी जुनी गाडी शोधावी लागते. २०२२ पासून शोरूममध्ये येझदी नावाच्या नव्या गाड्या दिसतात, त्या फोर-स्ट्रोक आहेत, त्यांच्या इंजिनाचं काहीही जुनीला लागत नाही. राजदूत ३५० असेल तर मात्र पहिल्या दिवसापासून डोनरच्या शोधात राहा. दोन सिलिंडरची ती गाडी १९८० च्या दशकात मोजक्या वर्षांसाठी बनली, तिचा बाजार असा नाहीच.

अख्खं काम गॅरेजला देऊन तयार गाडी घ्यायचा तिसरा मार्गही आहे. पैसे असतील आणि गॅरेजवर विश्वास असेल तर जरूर घ्या. फक्त काढलेला प्रत्येक जुना पार्ट परत मागा, आणि ते कामाआधीच लिहून घ्या.

आधी काय करावं

आपली गाडी पूर्ण उघडा. तीन याद्या करा: बाजारात नवीन मिळतं ते, लेथवर होतं ते, आणि कुठेच मिळत नाही ते. तिसऱ्या यादीत गिअर, हब, फोर्क किंवा सात-आठ बिननावाचे तुकडे असतील तर डोनर शोधायला लागा. दोन-तीनच तुकडे असतील तर ज्याच्याकडे डोनर आहे त्याला शोधा, तो देतो. माझ्याकडे आजही डोनरची चाकं आणि श्रीखंडाचा एक डबा आहे. दर महिन्या-दोन महिन्यांनी पेडण्याकडून किंवा वाळपईकडून कुणी तरी येतो, डबा पडवीत ओततो, आपल्या हातातला मोडका तुकडा शेजारी धरतो आणि जुळणारा शोधतो. सापडला की मी त्याला व्हर्नियर देतो आणि सांगतो, माप लिहून घे, मग ने.